हैदराबाद संस्थानाची देणगी-विमाने आणि सिम्युलेटर : इतिहासाच्या एका नव्या साधनाची चिकित्सा

गोषवारा :
पहिल्या व दुसऱ्या महायुद्धात हैदराबाद संस्थानाच्या नावाने लढलेल्या विमानांचा, तसेच १९४८ च्या पोलीस कारवाईत त्याच संस्थानाविरुद्ध वापरल्या गेलेल्या विमानांचा मराठवाड्याच्या इतिहासाशी थेट संबंध आहे. ही विमाने आज बहुतांशी संग्रहालयांत उरली आहेत. त्यांच्या हाताळणीचा अनुभव देण्याचा दावा संगणकीय सिम्युलेटर करतात. हा दावा कितपत ग्राह्य धरावा आणि इतिहासाच्या अभ्यासकाने या साधनाकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, याची चर्चा प्रस्तुत लेखात केली आहे.

बीजसंज्ञा : हैदराबाद संस्थान, स्पिटफायर, टेम्पेस्ट, सिम्युलेटर, साधनचिकित्सा, जालना.

प्रस्तावना :

जालना हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वी जालना हा औरंगाबाद जिल्ह्याचा भाग होता आणि १९४८ पर्यंत हा संपूर्ण प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत होता. जालन्याचा लष्करी इतिहास सांगताना सामान्यतः भोकरदन तालुक्यातील असईची २३ सप्टेंबर १८०३ ची लढाई आणि हैदराबाद कंटिन्जंटची छावणी यांचा उल्लेख होतो. विसाव्या शतकातील युद्धांशी या भूमीचे नाते मात्र क्वचितच सांगितले जाते. ते नाते हवाई युद्धाशी आहे. संस्थानाच्या उत्पन्नाचा मोठा भाग जमीनमहसुलाचा होता आणि त्या महसुलात गोदावरी व पूर्णेच्या खोऱ्यांतील काळ्या जमिनीचा वाटा उपेक्षणीय नव्हता. अशा राज्याच्या नावाने ब्रिटिश हवाई दलात तीन स्क्वाड्रन उभ्या राहिल्या. क्रमांक ११०, १५२ आणि २५३ या त्या स्क्वाड्रन होत.

ज्या विमानांवर आपल्या राज्याचे नाव रंगविले होते ती विमाने प्रत्यक्षात कशी उडत होती, हा प्रश्न वरकरणी तांत्रिक वाटतो. पण युद्धेतिहासात हाताळणीला कारणाचे स्थान असते. एखादे विमान कोणत्या वेगाला जड होते, कोणत्या क्षणी त्याचे इंजिन दगा देते, वैमानिकाला समोरचे किती दिसते, यांवर लढाईचा निकाल अवलंबून राहिला आहे. ही माहिती कागदपत्रांत शब्दांच्या आणि आकड्यांच्या रूपाने आहे. तिला पुन्हा गती देण्याचे काम गेल्या काही दशकांत सिम्युलेटरांनी अंगावर घेतले आहे.

निजामाच्या नावाची विमाने :

११० क्रमांकाची स्क्वाड्रन नोव्हेंबर १९१७ मध्ये स्थापन झाली आणि १९१८ च्या शरद ऋतूच्या आरंभी डी.एच. ९ए जातीची विमाने घेऊन फ्रान्समध्ये दाखल झाली. ही विमाने निजामाची देणगी होती व तसा मजकूर त्यांच्यावर लिहिलेला होता. सुमारे ४०० अश्वशक्तीचे लिबर्टी इंजिन असलेली ही दोन आसनी दिवसा बॉम्बफेक करणारी विमाने जर्मनीतील शहरांवर पाठविली गेली व त्यांची हानी मोठी झाली. यांपैकी एफ १०१० क्रमांकाचे विमान ऑक्टोबर १९१८ मध्ये जर्मनांच्या हाती लागले. पुढे ते बर्लिनच्या संग्रहालयात गेले, दुसऱ्या महायुद्धानंतर पोलंडमध्ये आढळले आणि १९७७ मध्ये अदलाबदलीने लंडनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयात पोहोचले. हैदराबादच्या पैशातून घेतलेले एक विमान आजही पाहता येते, ही गोष्ट मराठवाड्यातील इतिहासाच्या विद्यार्थ्याला सहसा माहीत नसते.

दुसऱ्या महायुद्धात १५२ व २५३ या स्क्वाड्रनना हैदराबादचे नाव मिळाले. १५२ च्या बोधचिन्हात निजामाचे शिरोभूषण होते आणि ब्रीदवाक्य ‘विश्वासू दोस्त’ या अर्थाचे होते. ब्रिटिशांनी निजामाला दिलेल्या किताबाचाच तो प्रतिध्वनी होय. ही स्क्वाड्रन ऑक्टोबर १९३९ मध्ये ग्लॅडिएटर या दुपंखी विमानांवर उभी राहिली, काही महिन्यांत तिला स्पिटफायर मिळाली आणि १९४० च्या उन्हाळ्यात ती इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळील वॉर्मवेल येथून लढली. २५३ कडे हरिकेन विमाने होती.

या वैमानिकांचे प्रशिक्षण ध्यानात घेण्यासारखे आहे. स्पिटफायरला एकच आसन होते. दुहेरी नियंत्रणाचे विमान उपलब्ध नसल्याने नवख्या वैमानिकाचे स्पिटफायरमधील पहिले उड्डाण हेच त्याचे एकट्याचे उड्डाण असे. डोळे बांधून कॉकपिटमधील प्रत्येक खटका हाताने ओळखण्याचा सराव करून घेतला जाई. सुरुवातीच्या मार्क १ विमानात चाके वर घेण्यासाठी हातपंप होता. तो उजव्या हाताने चालवावा लागे आणि त्या वेळी स्टिक डाव्या हातात धरावी लागे. उजवा हात पंप मारताना डावाही नकळत हलत असे, त्यामुळे नवख्याचे विमान धावपट्टी सोडताच वरखाली डोलू लागे. लष्करी विमानतळावर उभे असलेले लोक या डोलण्यावरून नवा माणूस ओळखत. संगणकावर चाके वर घेण्यासाठी एक कळ दाबली की काम भागते, म्हणून हा डोलारा तेथे सहसा अनुभवास येत नाही. क्षुल्लक वाटणारी ही बाब पुढील विवेचनाचा धागा आहे.

सिम्युलेटरची परंपरा :

सिम्युलेटर ही संगणकाची देणगी आहे, असा समज रूढ आहे. वास्तविक अमेरिकेतील एडविन लिंक यांनी १९२९ मध्ये तयार केलेला ‘लिंक ट्रेनर’ हा या परंपरेचा खरा आरंभ. वडिलांच्या ऑर्गन बनविण्याच्या कारखान्यातील हवेचे भाते वापरून त्यांनी लहानसे कॉकपिट डोलते व फिरते केले. आरंभी त्याची गिऱ्हाइके जत्रांतील करमणुकीची होती. १९३४ मध्ये अमेरिकी लष्कराच्या वैमानिकांवर टपाल वाहण्याची जबाबदारी आली, खराब हवामानात अनेक अपघात झाले आणि लष्कराने सहा लिंक ट्रेनर विकत घेतले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांची संख्या १० हजारांवर गेली. तथापि लिंक ट्रेनर कोणत्याही एका विमानाची हाताळणी शिकवीत नव्हता. ढगात, बाहेरचे काही न दिसता, केवळ उपकरणांवर विश्वास ठेवून उडण्याची सवय तो लावीत असे. विशिष्ट विमानाच्या जवळ जाणारा प्रयोग ब्रिटनमध्ये हॉर्डन येथे झाला. तेथे स्पिटफायरच्याच धडाचा मधला भाग जमिनीवर ठेवून संपूर्ण मोहिमेतील कृतींचा क्रम शिकविला जाई. हाताला लागणारे खटके तेथे खरे होते, उड्डाण मात्र खोटे होते. आजच्या घरगुती सिम्युलेटरची स्थिती नेमकी उलट म्हणावी लागेल.

संगणकीय पर्वाचा आरंभ ब्रूस आर्टविक यांच्या कार्यक्रमापासून होतो. १९८२ मध्ये त्यांचे काम मायक्रोसॉफ्टच्या नावाने आले. १९९८ च्या ‘कॉम्बॅट फ्लाईट सिम्युलेटर’मध्ये स्पिटफायर व हरिकेन ही विमाने होती. २००१ मध्ये रशियातून आलेल्या ‘आयएल-२ स्टर्मोव्हिक’ने युद्धकालीन विमानांच्या चित्रणाला नवा दर्जा दिला. २०११ मध्ये ब्रिटनच्या लढाईवरील ‘क्लिफ्स ऑफ डोव्हर’ आले आणि २०१६ मध्ये ‘डीसीएस’ या मालिकेत स्पिटफायर मार्क ९ दाखल झाले. यांतील विमान कसे चालते, हे थोडक्यात समजून घेणे आवश्यक आहे. विमानावर कार्य करणारी उचल, अवरोध, वजन व इंजिनाची ओढ यांची समीकरणे प्रत्येक सेकंदाला अनेक वेळा सोडविली जातात. काही कार्यक्रम त्यासाठी पूर्वी मोजलेल्या आकड्यांचे तक्ते वापरतात, तर ‘एक्स-प्लेन’सारखे कार्यक्रम पंख्याचे व पंखांचे लहान लहान तुकडे कल्पून प्रत्येकावरील बल स्वतंत्रपणे काढतात. दोन्ही पद्धतींत मूळ आकडे कोठून आले, हाच कळीचा मुद्दा ठरतो.

आकडे, इंधन आणि एक वाद :

स्पिटफायरच्या बाबतीत आकड्यांची वानवा नाही. अमेरिकेच्या ‘नाका’ या संस्थेने १९४२ मध्ये स्पिटफायर मार्क ५ ची पद्धतशीर चाचणी घेतली. विमानाचे नाक वरखाली करणारे नियंत्रण अतिशय हलके असून सरळ उड्डाणापासून स्टॉलच्या सीमेपर्यंत जाण्यास स्टिक सुमारे पाऊण इंच मागे घेणे पुरेसे होते, असे त्या अहवालात आढळते. याउलट वेग वाढला की विमान कुशीवर वळविणे अत्यंत जड होई. पकडलेल्या जर्मन मेसरश्मिट १०९ ई विमानाच्या १९४० मधील ब्रिटिश चाचण्यांत, ताशी ४०० मैल वेगाला सगळी ताकद लावूनही ४५ अंश कुशीवर होण्यास सुमारे ४ सेकंद लागतात आणि स्पिटफायरची स्थितीही यापेक्षा बरी नाही, असे दिसून आले. कापडी आवरणाच्या एलेरॉनऐवजी धातूचे एलेरॉन आल्यावर १९४१ पासून हा दोष कमी झाला.

इंजिनाचे वर्तन हे सिम्युलेटरांचे सर्वांत यशस्वी क्षेत्र म्हणता येईल. मर्लिन इंजिनाचा कार्ब्युरेटर तरंगत्या गोळ्याचा असल्याने वैमानिकाने नाक एकदम खाली दाबताच इंधनपुरवठा विस्कळित होऊन इंजिन गुदमरे. जर्मन विमानात इंधन थेट इंजेक्शनने जात असल्यामुळे ते सरळ सूर मारून निसटत असे. ब्रिटिश वैमानिकाला त्यामागे जाण्यासाठी आधी विमान उलटे करावे लागे. फार्नबरो येथील अभियंत्या बिॲट्रिस शिलिंग यांनी तयार केलेली छोटी धातूची चकती मार्च १९४१ पासून बसविली जाऊ लागली, तोपर्यंत हीच परिस्थिती होती. हे वाक्य पुस्तकात वाचणे आणि शत्रू समोर असताना इंजिन गप्प होणे, यांतील अंतर सिम्युलेटर निश्चित कमी करतो. जमिनीवर फार वेळ उभे राहिल्यास इंजिन तापणे, लांब नाकामुळे समोरची धावपट्टी न दिसणे आणि त्यामुळे वळण घेत उतरावे लागणे, या गोष्टीही चांगल्या सिम्युलेटरमध्ये आपोआप शिकल्या जातात.

‘क्लिफ्स ऑफ डोव्हर’च्या संदर्भात झालेला इंधनाचा वाद इतिहासाच्या प्राध्यापकांना विशेष उद्‌बोधक वाटेल. १९४० च्या पूर्वार्धात ब्रिटिश लढाऊ स्क्वाड्रन ८७ ऑक्टेन इंधनावरून १०० ऑक्टेन इंधनावर आल्या. परिणामी मर्लिन इंजिनाला मर्यादित काळ सव्वासहा पौंडांऐवजी १२ पौंड दाब देणे शक्य झाले आणि कमी उंचीवरील वेग लक्षणीय वाढला. सिम्युलेटरच्या मूळ आवृत्तीतील स्पिटफायर या सुधारणेला न्याय देत नव्हते. मग सुरू झाला तो वाद अभियंत्यांचा कमी आणि अभिलेखांचा अधिक होता. कोणत्या स्क्वाड्रनला नवे इंधन केव्हा मिळाले, वैमानिकांच्या लढाई-अहवालांत जादा दाब वापरल्याची नोंद कोठे आहे, पुरवठ्याच्या कागदांतून काय निष्पन्न होते, याचा शोध हौशी अभ्यासकांनी घेतला व पुढील सुधारित आवृत्त्यांत १०० ऑक्टेनची विमाने समाविष्ट झाली. साधनचिकित्सेचा हा पाठ एखाद्या पदव्युत्तर वर्गात शोभावा असा आहे.

याच प्रसंगातून या साधनाची दुर्बलताही उघड होते. एकच विमान एका आवृत्तीत एक आणि पुढच्या आवृत्तीत दुसरे वागते. छापील ग्रंथाची जुनी आवृत्ती कपाटात राहते. संगणकीय कार्यक्रमाची जुनी आवृत्ती बहुधा नव्या आवृत्तीखाली नाहीशी होते. सिम्युलेटरवरील निरीक्षण शोधनिबंधात वापरावयाचे झाल्यास आवृत्ती क्रमांक व दिनांक नोंदविणे बंधनकारक मानले पाहिजे. शिवाय सिम्युलेटर हे दुय्यम साधन आहे, याचे विस्मरण होता कामा नये. त्यात जे बाहेर येते ते कोणीतरी कागदपत्रांतून निवडून आत घातलेले असते. नाकाच्या अहवालावरून स्टिक हलकी केली आणि मग सिम्युलेटरमध्ये ती हलकी लागली, एवढ्यावरून अहवाल खरा ठरत नाही.

हाताला जे कळते :

स्पिटफायरच्या स्टिकची रचना आगळी होती. विमान कुशीवर वळविण्यासाठी तिचा वरचा भागच बिजागरीवर हलत असे आणि हा भार वैमानिकाच्या मनगटावर व कोपरावर येई. घरगुती जॉयस्टिकच्या तळाशी स्प्रिंग असते. ती वेगाप्रमाणे जड होत नाही. विमान उभे असो वा ताशी ४०० मैलांनी सूर मारीत असो, तिचा प्रतिकार तोच. मग कार्यक्रम असे करतो की, हात पूर्ण वळला तरी पडद्यावरील विमान सावकाश वळते. परिणाम बरोबर येतो. कारण मात्र हाताला जाणवत नाही. खऱ्या वैमानिकाला थकव्याने जे कळत होते ते येथे केवळ डोळ्यांना दिसते. पाऊण इंचाच्या हालचालीचेही असेच होते. टेबलावरील आखूड जॉयस्टिकवर तेवढा बारकावा साधत नाही, म्हणून वापरणारा तिची संवेदनक्षमता कमी करतो आणि ज्या गुणामुळे स्पिटफायर प्रसिद्ध होते तोच गुण आपल्या हाताने पुसून टाकतो.

वळणातील गुरुत्वभाराचे तर बोलावयासच नको. पडदा कडेने काळवंडतो, पण गाल ओघळत नाहीत, मान खाली जात नाही. स्टॉलपूर्वी स्पिटफायरचे अंग थरथरत असे आणि ती थरथर वैमानिकाला बैठकीतून कळे. ध्वनीने तिचा इशारा देता येतो, एवढेच. विमान पूर्ण स्टॉल होऊन गरगर फिरू लागल्यावरचे वर्तन हा तर गणिताच्या दृष्टीनेही अवघड प्रांत आहे. आधुनिक प्रवासी विमानांच्या मान्यताप्राप्त सिम्युलेटरांमागे निर्मात्याच्या उड्डाणचाचण्यांचे तपशीलवार आकडे असतात, तरी चाचणी झालेल्या मर्यादेपलीकडे त्यांनाही अंदाजच बांधावा लागतो. जुन्या युद्धविमानांच्या बाबतीत ती मर्यादा बरीच अलीकडे येते.

आज उडणाऱ्या जुन्या विमानांशी तुलना करून सिम्युलेटरची सत्यता ठरवावी, असे सुचविले जाते. ही विमाने थोडी आहेत, पण आहेत. बिकानेरच्या जुनागढ किल्ल्यात सापडलेल्या डी.एच. ९ च्या अवशेषांतून उभे केलेले एक विमान २०१९ मध्ये इंग्लंडमध्ये उडाले. भारतीय हवाई दलात एकेकाळी असलेले एक टेम्पेस्ट मार्क २ तेथेच २०२३ मध्ये पुन्हा आकाशात गेले. परंतु अशा विमानांत तोफा व दारूगोळा नसतो, चिलखती पत्रे बहुधा काढलेले असतात, इंजिनाचे आयुष्य वाढावे म्हणून त्याला युद्धकालीन दाब दिला जात नाही आणि कोणीही त्यांना मर्यादेच्या टोकाला नेत नाही. तेव्हा ज्याच्याशी ताडून पाहावयाचे ते मापच मुळात बदललेले आहे. १९४० मध्ये ही विमाने चालविणारी पिढी तर आता काळाआड गेली आहे.

टेम्पेस्ट आणि सप्टेंबर १९४८ :

ज्या संस्थानाच्या नावाने स्पिटफायर व हरिकेन लढली, त्याच संस्थानावर १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा चालून गेल्या. संस्थानाकडे लढाऊ हवाई दल नव्हते. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्री शस्त्रे आणीत असे, तेवढाच त्याचा हवाई आधार. भारतीय तुकड्यांना टेम्पेस्ट विमानांचे साहाय्य होते व त्यासाठी पुण्याचा तळ वापरला गेला. औरंगाबादने फारसा प्रतिकार केला नाही. जालना येथे मात्र ३ शीख, जोधपूर इन्फंट्रीची एक कंपनी व १८ कॅव्हलरीचे काही रणगाडे यांना चिवट प्रतिकाराला तोंड द्यावे लागले.

टेम्पेस्ट मार्क २ ला १८ सिलिंडरचे, हवेने थंड होणारे सेंटॉरस इंजिन होते. लोकप्रिय सिम्युलेटरांत जे टेम्पेस्ट परिचित आहे ते मार्क ५, म्हणजे द्रवाने थंड होणाऱ्या सेबर इंजिनाचे. दोहोंचे नाव एक असले तरी पुढचा भाग, वजनाची वाटणी व इंजिनाची शिस्त वेगळी. असा फरक किती महाग पडे, याचे उदाहरण स्पिटफायरच्याच घराण्यात आहे. मर्लिन इंजिनाचे स्पिटफायर उड्डाणाच्या वेळी डावीकडे ओढ घेई, तर पुढे भारतीय हवाई दलातही आलेले ग्रिफन इंजिनाचे स्पिटफायर उजवीकडे. सवयीने चुकीचा रडर दाबणाऱ्याची धावपट्टीवरच फजिती होई. म्हणून मार्क ५ वरील अनुभव मराठवाड्यावरून उडालेल्या टेम्पेस्टला लावणे सयुक्तिक नाही. त्याचे खरे रूप पाहावयाचे तर दिल्लीतील पालमच्या हवाई दल संग्रहालयात जावे लागते.

तरीही या मोहिमेच्या अभ्यासात सिम्युलेटरचा उपयोग आहे आणि तो हाताळणीपेक्षा दृष्टीच्या प्रश्नाशी निगडित आहे. ताशी ४०० किलोमीटर वेगाने जाणारे विमान एक किलोमीटर अंतर ९ सेकंदांत कापते. तेवढ्या अवधीत, पावसाळी ढगांखालून, लांब नाकावरून पाहणाऱ्या वैमानिकाला रस्त्यावरची माणसे सैनिक आहेत, रझाकार आहेत की गाव सोडून निघालेली कुटुंबे आहेत, हे ओळखता येणे कितपत शक्य होते? हा प्रश्न नैतिकही आहे आणि पुराव्याचाही आहे. हवाई अहवालांतील वर्णने वाचताना वैमानिकाला उपलब्ध असलेले सेकंद ठाऊक असणे अभ्यासकाला उपयोगी पडते आणि हे सेकंद सिम्युलेटर बऱ्यापैकी अचूक दाखवू शकतो, कारण येथे प्रश्न केवळ वेगाचा व भूमितीचा आहे.

अडचण खालच्या जमिनीची आहे. २०२० च्या मायक्रोसॉफ्ट सिम्युलेटरमध्ये भूप्रदेश उपग्रहचित्रांवरून उभा केला जातो. त्यात १९४० च्या दशकातील विमान घेऊन जालन्यावर गेले तर आजची औद्योगिक वसाहत, वाढलेले शहर आणि रुंदावलेले रस्ते दिसतात. कुंडलिका नदी व घाणेवाडीचा तलाव तेवढे ओळखीचे राहतात. १९४८ चे जालना उभे करावयाचे तर भारतीय सर्वेक्षण खात्याचे जुने नकाशे, रेल्वेचे आराखडे व महसुली गावनकाशे यांचा आधार घ्यावा लागेल. हे काम कोणतीही परदेशी कंपनी करणार नाही. भूगोल, संगणकशास्त्र व इतिहास या तीन विभागांना मिळून ते जिल्ह्यातील एखाद्या महाविद्यालयात करता येण्याजोगे आहे.

शिवाय सिम्युलेटर कॉकपिटमधून खाली पाहतो, खालून वर पाहत नाही. विमान येताना आवाज आधी आला की सावली, लोक कोठे लपले, कोणत्या गावात काय पडले, हे केवळ त्या वेळी जमिनीवर असलेली माणसेच सांगू शकतात. १९४८ मध्ये दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदीच्या उंबरठ्यावर आहे. नकाशांचे काम पाच वर्षांनी हाती घेतले तरी चालण्यासारखे आहे. या मुलाखती मात्र येत्या एक-दोन वर्षांतच, गावोगाव जाऊन, ध्वनिमुद्रित कराव्या लागतील.